कोणता काटा कशावर चालतो?

विमानविद्या : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयावरची आहेत : उडत्या विमानात एखादं उपकरण बिघडलं तर वैमानिकाने काय करायचं? लिहिणाऱ्यांत प्रशिक्षणार्थी आहेत, त्यांचे पालक आहेत आणि नुसत्या कुतूहलाने विचारणारेही आहेत. विषय जिवाशी गाठ घालणारा आहे, म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे.

प्रश्न : मी बारामतीला सेसना १७२ वर प्रशिक्षण घेतो. विमानात जुन्या पद्धतीचे सहा गोल डायल आहेत. बिघाड ओळखला की अर्धं काम झालं, असं सर सांगतात. पण बिघडलेला डायल स्वतः तर काही सांगत नाही. ओळखायचं कसं?

उत्तर : डायल काय दाखवतो हे तुम्हाला पाठ असेलच. आता प्रत्येक डायल कशावर चालतो तेही तितकंच पाठ करा, कारण उपकरणं सहसा एकेकटी बिघडत नाहीत. ती ज्यावर चालतात तो पुरवठा बिघडतो आणि त्यावरची सगळी एकदम जातात.

सेसना १७२ मध्ये असे तीन पुरवठे आहेत. पहिला व्हॅक्यूमचा. इंजिनावर चालणारा पंप हवा खेचतो, त्या झोताने ॲटिट्यूड इंडिकेटर (विमानाचा कल आणि नाकाची ठेवण दाखवणारा) आणि हेडिंग इंडिकेटर (दिशा दाखवणारा) यांचे जायरो, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या चकत्या, फिरतात. दुसरा विजेचा, त्यावर टर्न कोऑर्डिनेटर (वळण्याचा वेग दाखवणारा) चालतो. तिसरा बाहेरच्या हवेच्या दाबाचा. पंखाखालची पिटो नळी समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेते आणि विमानाच्या अंगावरचं स्टॅटिक छिद्र स्थिर हवेचा. वेग दाखवणाऱ्या एअरस्पीड इंडिकेटरला दोन्ही दाब लागतात. अल्टिमीटर (उंची दाखवणारा) आणि व्हीएसआय (चढण्या-उतरण्याचा वेग दाखवणारा) फक्त स्टॅटिकवर चालतात.

म्हणजे ॲटिट्यूड इंडिकेटर कललेला आहे, हेडिंग हळूहळू सरकतंय, पण टर्न कोऑर्डिनेटरमधलं छोटं विमान सपाट आहे आणि एअरस्पीड व उंची स्थिर आहेत, असं चित्र दिसलं की व्हॅक्यूम गेला. लगेच सक्शन गेज (पंपाची ओढ दाखवणारा काटा) बघा. सेसना १७२ मध्ये तो साधारण ४.५ ते ५.५ इंच पारा दाखवायला हवा. अल्टिमीटर गोठलाय, व्हीएसआय शून्यावर चिकटलाय आणि एअरस्पीड विचित्र वागतोय, तर स्टॅटिक बंद. फक्त एअरस्पीड बिघडलाय आणि बाकी पाच एकमेकांशी जुळतात, तर पिटो.

कुठल्याही एका डायलचं म्हणणं दुसऱ्या पुरवठ्यावरच्या डायलशी पडताळून बघायचं, ही सवय लावून घ्या. ॲटिट्यूड इंडिकेटर आणि हेडिंग इंडिकेटर एकमेकांना दुजोरा देतात म्हणून ते खरे, असं धरू नका. दोघांचा पंप एकच आहे.

प्रश्न : ढगात असताना व्हॅक्यूम पंप गेला तर नेमकं काय करायचं? क्रम सांगा. त्याची इतकी भीती का घालतात? आणि पंप मुळात जातो का?

उत्तर : भीती घालतात ती योग्यच आहे. पंप तुटतो क्षणात, पण जायरो थांबायला काही मिनिटं घेतो. त्याचा वेग उतरत जातो तसा ॲटिट्यूड इंडिकेटर अगदी हळू कलू लागतो. वैमानिकाला वाटतं विमान कलतंय. तो विरुद्ध बाजूला सुकाणूचं चाक वळवतो आणि सरळ चाललेलं विमान स्वतःच्या हाताने कलवतो. ढगात बाहेर काही दिसत नाही आणि कानातला तोलही दगा देतो. विमान सेकंदाला साधारण दोन अंशांपेक्षा कमी वेगाने कललं तर आतल्या कानाला ते कळतच नाही. वळण एकसारखं २०-३० सेकंद चालू राहिलं तर आपण सरळ चाललोय असं वाटू लागतं. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने १९५४ मध्ये उपकरणांवर उडण्याचं प्रशिक्षण नसलेल्या २० वैमानिकांना ढगासारख्या कृत्रिम परिस्थितीत उडवून पाहिलं. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला, आणि त्याला सरासरी १७८ सेकंद लागले.

आता क्रम. शंका आल्याबरोबर चाकावरचा हात सैल करा आणि टर्न कोऑर्डिनेटरकडे बघा. त्यातलं विमान सपाट असेल आणि खालच्या नळीतली गोळी मध्यावर असेल तर तुम्ही सरळ आहात, मग ॲटिट्यूड इंडिकेटर काहीही म्हणो. ऑटोपायलट लावलेला असेल तर तो कशावर चालतो ते आठवा. काही ऑटोपायलट टर्न कोऑर्डिनेटरवर चालतात, ते मदतीला येतील. व्हॅक्यूमच्या जायरोवर चालणारा असेल तर ताबडतोब बंद करा.

मग बिघडलेले दोन्ही डायल झाका. यात कुचराई नको. चिकटणारा कागदाचा चिठोरा चालतो, रबरी चकती मिळते तीही चालते. इंडिकेटर खोटा आहे हे माहीत असूनही डोळा तिकडे जातो, कारण तो पॅनेलच्या मधोमध आहे आणि बाहेरच्या जगासारखा दिसतो. झाकला नाही तर पाचव्या मिनिटाला तुम्ही नकळत त्याच्यामागे जाल.

आता पंख सपाट ठेवायचं काम टर्न कोऑर्डिनेटरचं. पण तो कल दाखवत नाही, वळण्याचा वेग दाखवतो, हे लक्षात असू द्या. हवा खडबडीत असेल तर छोटं विमान सतत डोलतं, त्याच्या प्रत्येक डुलण्याला उत्तर देऊ नका. दोन्ही बाजूंना सारखं डोलतंय ना, एवढंच बघा. नाक वर आहे की खाली हे एअरस्पीड, अल्टिमीटर आणि व्हीएसआय मिळून सांगतात. त्यांतही अल्टिमीटर पहिला. व्हीएसआय काही सेकंद मागे असतो, त्याचा पाठलाग केला की विमान झोपाळ्यासारखं वरखाली होऊ लागतं. चाकावर अगदी हलका दाब द्या, थांबा, काटा स्थिरावू द्या, मग पुढचा दाब. आणि ट्रिम, म्हणजे चाकावरचा दाब हाताशिवाय तोलून धरणारी मांडणी, नीट लावा. ट्रिम केलेलं सेसना १७२ हात सोडला तरी आपला वेग धरून ठेवतं, तुमच्या घाबरलेल्या हातापेक्षा चांगलं.

उंची बदलायची तर इंजिनाच्या ताकदीने. पात्यांचा कोन न बदलणाऱ्या पंख्याच्या विमानात वेग तोच ठेवून १०० आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) कमी केले की मिनिटाला ढोबळमानाने १०० फूट उतार मिळतो. म्हणजे २३०० वर सपाट उडत असाल तर १८०० वर आणा, नाक आपोआप थोडं खाली येईल, मिनिटाला सुमारे ५०० फूट उतराल. हा आकडा तुमच्या विमानासाठी थोडा वेगळा असेल. चांगल्या हवेत एकदा उडवून बघा आणि कागदावर लिहून ठेवा.

वळायचं तर घड्याळाने. टर्न कोऑर्डिनेटरमधल्या विमानाचा पंख खुणेवर ठेवला की सेकंदाला ३ अंश वळण होतं. ३० अंशांना १० सेकंद, ९० ला ३०, मागे फिरायला पूर्ण एक मिनिट. ढगात चुकून शिरलेल्या वैमानिकासाठी सेसनाच्या पुस्तिकेत हाच मार्ग दिला आहे : होकायंत्राचा अंश लक्षात घ्या, वेळ लक्षात घ्या, डावीकडे खुणेवर ६० सेकंद वळा, सपाट व्हा. १०० नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) या वळणाचा कल जेमतेम १५ अंश असतो. त्याहून तीव्र वळण अर्ध्या पॅनेलवर, म्हणजे काही डायल बंद असताना, घेऊ नका.

रेडिओवर लगेच सांगा. व्हॅक्यूम गेलाय, अर्ध्या पॅनेलवर उडतोय, जवळ ढगाबाहेरची हवा कुठे आहे ते हवंय. अडचण वाटत असेल तर तीन वेळा ‘पॅन-पॅन’, विमान हाताबाहेर जातंय असं वाटलं तर ‘मेडे’ आणि ट्रान्सपाँडरवर (रडारला विमानाची माहिती पाठवणाऱ्या यंत्रावर) आणीबाणीचा क्रमांक ७७००. रडार असलेल्या ठिकाणी नियंत्रक जायरोविना मार्गदर्शन देऊ शकतो. तो ‘वळायला सुरुवात करा’ म्हणतो तेव्हा वळायचं, ‘थांबा’ म्हणतो तेव्हा सपाट व्हायचं. हेडिंग सांभाळण्याचं ओझं तो उचलतो. तरुण वैमानिक हे मागायला संकोचतात. संकोच करू नका, नियंत्रक त्यासाठीच बसलेला आहे.

आणि ताबा सुटलाच तर? वेग वाढतोय, उंची झरझर कमी होतेय, टर्न कोऑर्डिनेटर एका बाजूला टेकलाय, म्हणजे विमान गोल गोल खाली चाललंय. इथे चाक मागे ओढायचा मोह होतो. कललेल्या विमानात मागे ओढलं की वळण आणखी आवळतं आणि पंखांवरचा भार वाढतो. म्हणून आधी थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारी कळ) पूर्ण मागे. मग टर्न कोऑर्डिनेटरवरचं विमान सपाट करा. सपाट झाल्यावरच हळुवार मागे ओढत वेग ८० नॉटपर्यंत आणा आणि ट्रिम करा. हा क्रम झोपेतही आठवला पाहिजे.

पंप का जातो, हेही विचारलंत. कोरड्या पंपात कार्बनची पाती असतात. ती झिजतात, एखादं तुटलं की तुकडे आतच अडकतात आणि पंप दातखीळ बसल्यासारखा थांबतो. इंजिनाला इजा होऊ नये म्हणून मधला कपलिंगचा दांडा मुद्दाम कमकुवत ठेवलेला असतो, तो तुटतो. इंजिनातलं तेल पंपात झिरपलं तर पात्यांचं आयुष्य संपलंच. सक्शन आठवड्यागणिक थोडं थोडं कमी दिसत असेल तर आधी फिल्टर तुंबलाय का ते बघायला सांगा. गोल डायलच्या नव्या १७२ मध्ये दोन पंप आहेत, जुन्यांत एकच.

प्रश्न : परदेशी पुस्तकात होकायंत्राने उत्तरेकडे वळताना ३० अंश आधी वळण थांबवा असं आहे. नाशिककडे उडताना हे जुळत नाही. पुस्तक चूक की मी?

उत्तर : दोघंही बरोबर. होकायंत्राची ही चूक पृथ्वीच्या चुंबकरेषा जमिनीकडे झुकलेल्या असल्याने होते. विमान कललं की सुई त्या झुकावाकडे ओढली जाते. उत्तरेकडे वळताना होकायंत्र मागे पडतं, म्हणून आधी थांबायचं. दक्षिणेकडे वळताना ते पुढे धावतं, म्हणून थोडं जास्त वळायचं. युरोप-अमेरिकेत हा झुकाव ६५-७० अंश असतो. आपल्याकडे चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं, म्हणून महाराष्ट्रात झुकाव त्याच्या निम्म्याहून कमी आहे आणि चूकही तशीच लहान. कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये अलिबागला हलवली गेली. चुंबकीय नोंदी आपल्या किनाऱ्यावर किती काळ घेतल्या जाताहेत ते यावरून लक्षात येईल.

व्यवहारात मात्र आकड्यांच्या फंदात पडू नका. वळण घड्याळाने करा, सपाट व्हा, होकायंत्र डोलायचं थांबेपर्यंत वाट बघा, मग उरलेले दोनचार अंश सेकंद मोजून दुरुस्त करा. पूर्व-पश्चिम उडताना वेग वाढवला की होकायंत्र उत्तरेकडे सरकतं, कमी केला की दक्षिणेकडे, म्हणून वेग बदलत असताना त्याचं वाचन घेऊ नका. आणि मोबाइल किंवा हेडसेट होकायंत्राजवळ ठेवू नका. सुई तेवढ्यानेही फिरते.

प्रश्न : आमचं विमान पावसाळ्यात दोन आठवडे उभं होतं. नंतरच्या पहिल्या टेकऑफला एअरस्पीडचा काटा फारच उशिरा हलला. सोबतच्या मुलाने टेकऑफ चालू ठेवला, पुढे सगळं ठीक झालं. त्याने बरोबर केलं का? (गोंदिया)

उत्तर : नाही. या उत्तराला आम्ही कुठलीही मुरड घालणार नाही. सेसना १७२ धावपट्टीवर ४० नॉटच्या आसपास पोहोचलं की काटा जागा झालाच पाहिजे, आणि तो झाला हे मोठ्याने म्हणायचं. नाही झाला तर थ्रॉटल मागे, ब्रेक, विमान परत. जमिनीवर असताना हा बिघाड फुकटात सुटतो.

पावसाळ्यात आपल्याकडे पिटोचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे कुंभारीण माशी. भिंतीच्या भोकात, कुलपात, नळीच्या तोंडात मातीचं घर करणारी ही माशी पिटो नळीला आयतं बीळ समजते आणि तिला त्यासाठी फार दिवस लागत नाहीत. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या प्युर्तो प्लाता इथून निघालेलं बर्गनएअरचं बोइंग ७५७ समुद्रात कोसळलं, १८९ माणसं गेली. ते विमान बरेच दिवस पिटोचं झाकण न घालता उभं होतं, आणि नळी अशाच माशीच्या मातीने बंद झाली असावी असा तपासाचा निष्कर्ष होता. टेकऑफच्या धावेतच कॅप्टनचा एअरस्पीड चालत नाही हे लक्षात आलं होतं. तरीही टेकऑफ झाला.

पुढे काय झालं ते समजून घेण्यासारखं आहे. पिटो नळीचं तोंड बंद आणि पाणी निघून जायचं बारीक छिद्र उघडं असेल, तर एअरस्पीड शून्यावर येतो. ते सरळ कळतं. पण दोन्ही बंद झाली तर आतला दाब कोंडून राहतो आणि एअरस्पीड इंडिकेटर अल्टिमीटरसारखा वागू लागतो : वर चढलात की वेग वाढलेला दिसतो, खाली आलात की घटलेला. किती? समजा समुद्रसपाटीजवळ १०० नॉटला नळी कोंडली. त्या वेगाचा हवेचा दाब अवघा १६ हेक्टोपास्कल असतो, आणि १००० फूट चढल्यावर बाहेरचा दाब सुमारे ३६ हेक्टोपास्कलने घटतो. म्हणजे तुम्ही खरोखर १०० नॉटनेच उडत असताना काटा १८० च्या आसपास पोहोचेल, सेसना १७२ च्या १६३ नॉटच्या लाल रेषेच्याही पुढे. वैमानिकाला वाटतं वेग अती झाला. तो नाक आणखी वर करतो, थ्रॉटल कमी करतो, विमान आणखी चढतं, काटा आणखी वाढतो, आणि शेवटी विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल हरवून पडू लागतं. बर्गनएअरच्या विमानात सुरुवातीला हेच काम ऑटोपायलटने केलं, कारण तो कॅप्टनच्याच पिटोवर चालत होता.

स्टॅटिक छिद्र बंद झालं तर बरोबर उलट : चढताना वेग कमी दिसतो, उतरताना जास्त. फरक ओळखायला अल्टिमीटर आहेच. तो हलतोय तर दोष पिटोचा, गोठलाय तर स्टॅटिकचा. स्टॅटिक असेल तर थ्रॉटलजवळची पर्यायी स्टॅटिकची कळ ओढा. ती केबिनमधला दाब घेते. केबिनचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असतो, त्यामुळे वेग आणि उंची थोडी जास्त दिसतात, व्हीएसआय क्षणभर चढ दाखवून स्थिरावतो. खिडक्या बंद ठेवा. ही कळ नसलेल्या विमानात व्हीएसआयची काच फोडून तोच मार्ग मोकळा करता येतो, पण मग व्हीएसआयची दिशा उलटी धरायची.

पिटो असेल तर पिटो हीट (नळी गरम करणारी सोय) लावा. पावसाळ्यात आपल्याकडे गोठणरेषा १५ हजार फुटांच्याही वर असते, तेव्हा प्रशिक्षणाच्या उंचीवर बर्फाची शक्यता कमी, पण अडकलेलं पाणी कधी कधी त्याने निघतं. मातीवर मात्र त्याचा उपयोग नाही. मग वेगाचा विचार सोडा आणि नाकाची ठेवण व आरपीएम यांवर उडा. नेहमीच्या चढाईत नाक क्षितिजाच्या जिथे असतं तिथे ठेवा, थ्रॉटल पूर्ण : वेग नेहमीचाच असणार, काटा काहीही म्हणो. उतरताना नेहमीचे फ्लॅप (पंखांमागच्या खाली वळणाऱ्या पट्ट्या), नेहमीचे आरपीएम, नेहमीचा ट्रिम. जीपीएसचा जमिनीवरचा वेग वारा धरून पडताळा. सेसना १७२ चा स्टॉलचा भोंगाही विसरू नका. तो डाव्या पंखाच्या कडेवरच्या छिद्रातून हवेच्या ओढीने वाजतो, त्याला ना पिटो लागते ना वीज.

आणखी एक सापळा आहे. उंचीबद्दल शंका आली की वैमानिक नियंत्रकाला विचारतो, ‘माझी उंची काय दिसते?’ रडारच्या पडद्यावरचा आकडा तुमच्याच ट्रान्सपाँडरने पाठवलेला असतो, तुमच्याच स्टॅटिक छिद्रावरून मोजलेला. नियंत्रक तुमचीच चूक तुम्हाला परत वाचून दाखवतो आणि ती दुसऱ्याने सांगितली म्हणून खरी वाटते. २ ऑक्टोबर १९९६ च्या रात्री लिमाहून निघालेल्या एरोपेरूच्या बोइंग ७५७ चं असंच झालं. विमान धुताना स्टॅटिक छिद्रांवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहिली होती. नियंत्रकाच्या पडद्यावर विमान साडेनऊ हजार फुटांच्या वर दिसत होतं आणि प्रत्यक्षात ते पॅसिफिकच्या पाण्याला टेकत होतं. ७० जण गेले. अशा वेळी जीपीएसची उंची बघा, आणि जमिनीच्या सूचना देणारी यंत्रणा ओरडत असेल तर तिचं ऐका. ती रेडिओलहरींनी उंची मोजते.

विमान उभं करताना झाकण घाला आणि त्याची लाल पट्टी लोंबती ठेवा. उडण्याआधी पिटोच्या तोंडात डोळ्याने बघा, फुंकू मात्र नका, उपकरण खराब होतं. धुतल्यावर स्टॅटिक छिद्रावरून बोट फिरवून मेण किंवा चिकटपट्टी राहिली नाही ना ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

प्रश्न : मी वांद्र्याला राहते. १९७८ साली इथल्या समुद्रात पडलेल्या विमानाबद्दल वडील सांगत. मोठ्या विमानात तर सगळी उपकरणं दोन-तीन असतात. मग तसं कसं झालं?

उत्तर : १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचं ‘एम्परर अशोक’ हे बोइंग ७४७ सांताक्रूझहून दुबईला निघालं. धावपट्टी सोडल्यानंतर १०१ सेकंदांत ते वांद्र्याच्या किनाऱ्यापासून जवळच समुद्रात कोसळलं. सगळे २१३ जण मृत्युमुखी पडले. टेकऑफनंतर विमान थोडं उजवीकडे वळून पुन्हा सपाट झालं, पण कॅप्टनचा ॲटिट्यूड इंडिकेटर उजवा कल दाखवतच राहिला. तो सुधारण्यासाठी कॅप्टनने विमान डावीकडे कलवलं, कलवतच गेले. रात्र होती, खाली काळा समुद्र, क्षितिज दिसत नव्हतं. सहवैमानिकासमोर त्याचा स्वतंत्र इंडिकेटर होता, मध्ये तिसरा राखीव होता. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे : तीन उपकरणं असून भागत नाही, तिघांची तुलना कोणीतरी काही सेकंदांत करावी लागते. म्हणून दोन बाजूंचे इंडिकेटर जुळत नसले तर पडद्यावर तशी सूचना येणं आणि दोघांतल्या कोणीही तफावत दिसताच ती मोठ्याने सांगणं, यावर आज इतका भर असतो. तिसऱ्याशी जुळणारा इंडिकेटर खरा मानायचा आणि विमान त्या बाजूच्या वैमानिकाच्या हाती द्यायचं.

वेगच अविश्वसनीय झाला तर मोठ्या विमानांसाठी पाठ करायचे आकडे ठरलेले आहेत. बोइंग ७३७ च्या अलीकडच्या पिढीत ऑटोपायलट, ऑटोथ्रॉटल आणि फ्लाइट डायरेक्टर (नाक कुठे ठेवायचं ते पडद्यावर सुचवणाऱ्या रेषा) बंद करून, फ्लॅप बाहेर असतील तर नाक १० अंश वर आणि ८० टक्के एन-१ (इंजिनाच्या पुढच्या पंख्याचा वेग), फ्लॅप आत असतील तर ४ अंश आणि ७५ टक्के. एवढ्याने विमान सुरक्षित राहतं, मग शांतपणे तक्ता काढून नेमके आकडे लावायचे. १ जून २००९ रोजी अटलांटिकवर एअर फ्रान्सच्या एअरबस ए-३३० च्या पिटो नळ्या बर्फाच्या कणांनी तुंबल्या. वेगाचं वाचन मिनिटभराच्या आत परत आलं होतं. पण त्या गोंधळात सहवैमानिकाने स्टिक मागे ओढून विमान ३८ हजार फुटांपर्यंत चढवलं, ते स्टॉल झालं आणि साडेचार मिनिटांच्या आत सगळं संपलं. २२८ माणसं होती. सपाट उडणाऱ्या विमानाचा वेग दिसेनासा झाला तर नाकाची ठेवण आणि इंजिनाची ताकद आधी होती तीच ठेवणं, एवढंच त्या पहिल्या मिनिटात करायचं होतं.

प्रश्न : आता आमच्या शाळेत गोल डायलऐवजी जी-१००० हे संगणकी पडदे असलेली विमानं आली आहेत. अर्ध्या पॅनेलचा हा अभ्यास आता कालबाह्य ना?

उत्तर : नाव बदललं, अभ्यास तोच. पडद्यावर लाल फुली आली की कुठल्या भागावर आली ते बघा. वेग, उंची, व्हीएसआय तिन्हींवर असेल तर हवेच्या दाबाचा संगणक गेला. क्षितिज आणि हेडिंगवर असेल तर जायरोची जागा घेणारी यंत्रणा. फक्त हेडिंगवर असेल तर चुंबकमापक. अख्खा पडदाच काळा झाला तर लाल बटण दाबा, सगळं दुसऱ्या पडद्यावर येतं. खाली तीन राखीव गोल डायल आहेत, आणि बऱ्याच १७२ मध्ये त्यातला राखीव ॲटिट्यूड इंडिकेटर आजही व्हॅक्यूमवर चालतो. म्हणजे वीज गेली तरी तो चालेल. याचसाठी तो तिथे ठेवला आहे.

पडद्यांच्या विमानात खरी काळजी अल्टरनेटरची (वीज तयार करणाऱ्या यंत्राची). व्होल्टेज कमी झाल्याची सूचना आली की अल्टरनेटरचा स्विच बंद करा, त्याचा ब्रेकर आत आहे का बघा, पुन्हा चालू करा. नाही जमलं तर तो बंद ठेवून पिटो हीट, दिवे, एक रेडिओ असा भार उतरवत जा आणि जवळच्या धावपट्टीकडे वळा. राखीव बॅटरी अत्यावश्यक उपकरणांना सुमारे ३० मिनिटं पुरते. ती अर्ध्या तासाची वेळ घड्याळ बघून लिहून ठेवा, अंदाजावर सोडू नका.

प्रश्न : घरी संगणकावरच्या सिम्युलेटरवर याचा सराव उपयोगी पडतो का?

उत्तर : पडतो, डोळ्याच्या सवयीसाठी. बिघाड स्वतः निवडू नका, २० मिनिटांत कधीही कुठलाही येईल असं लावा. कानाची फसवणूक मात्र खुर्चीत बसून कळणार नाही, ती इन्स्ट्रक्टरसोबत हुड (बाहेरचं दिसू न देणारी झापड) घालूनच अनुभवा. आणि पुढच्या उड्डाणात चांगल्या हवेत तुमचा टर्न कोऑर्डिनेटर तपासा : पंख खुणेवर, घड्याळ लावा, एका मिनिटात १८० अंश होतात का ते बघा. १७० होत असतील तर तुमच्या विमानासाठी ३० अंशांना साडेदहा सेकंद धरायचे. हा आकडा, तुमचे आरपीएम आणि नाकाची ठेवण एका कार्डावर लिहा आणि ते पॅनेल झाकायच्या चिठोऱ्यांसोबत गुडघ्यावरच्या पाटीला टाचून ठेवा.